उचलला, पळवला, सहलीवर नेला : रांगड्या मराठी शब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

माणसाला त्याच्या मनाविरुद्ध घेऊन जाणे ही कृती एकच. पण ती सांगायची वेळ आली की मराठी माणूस प्रसंग पाहून शब्द काढतो. वर्तमानपत्र ‘अपहरण’ लिहिते. फिर्यादीत ‘फूस लावून पळवून नेले’ असे येते. नाक्यावर ‘उचलला’ म्हणतात, गावाकडे ‘गाडीत घालून नेला’ म्हणतात. मजुराला ‘डांबून ठेवला’ जातो, आणि पंचायत समितीचे सदस्य मात्र ‘सहलीवर’ जातात. कोणी नेले, कशासाठी नेले, पोलिसांत जायचे की नाही, नेलेल्या माणसाची कीव करायची की नाही, हे सगळे त्या एका शब्दातच ठरून जाते.

अशा शब्दांचा अभ्यास हे भाषाशास्त्राचे एक जुने आणि देखणे दालन आहे. त्याचा उंबरठा नवख्या वाचकाला ओलांडता यावा, एवढ्यासाठीच ही प्रस्तावना लिहिली आहे. टोळ्यांची बोली, बाजाराची खूणभाषा, नाक्यावरची आणि कॉलेजच्या कट्ट्यावरची मराठी हे सारे या दालनात येते. त्यातला पळवापळवीचा कोपरा मी मुद्दाम निवडला आहे. लोकांना उघड बोलायची भीती वाटते, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही, अशा ठिकाणी भाषा सर्वांत जास्त कामाला लागते, हे तिथे स्वच्छ दिसते.

हे शब्द हलके आहेत, त्यांचा अभ्यास कशाला करायचा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतिहासातच आहे. आज पाठ्यपुस्तकात मानाने बसलेले कितीतरी वाक्प्रचार एकेकाळी धामधुमीच्या बातम्याच होते. ‘ध चा मा करणे’ हाच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. मूळ आज्ञापत्रात ‘धरावे’ असे होते, त्याचे ‘मारावे’ केले गेले, ही आख्यायिका तेव्हापासून चालत आली. ती इतिहासाच्या कसोटीवर किती उतरते, हा वेगळा प्रश्न. भाषेने मात्र तिची नोंद करून ठेवली आणि एका माणसाला नुसते पकडून ठेवण्याचा बेत त्याच्या मृत्यूवर कसा जातो, हे तीन अक्षरांत बांधले. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हेही तसेच. शायिस्ताखानावरच्या १६६३ च्या छाप्यानंतर पाठलागावर आलेल्यांना चकवल्याची कथा त्यामागे आहे. आज कर्जबुडव्यापासून उमेदवारापर्यंत कोणीही कोणालाही तो घाट दाखवतो.

‘खंडणी’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे ठरवून घेतलेली रक्कम. ती सरदारांनी वसूल करायची आणि संस्थानिकांनी भरायची. त्या व्यवहारात लाज नव्हती, हिशेब होता. तोच शब्द आज बिल्डरला आलेल्या धमकीच्या फोनसाठी आणि मुलाला सोडण्याच्या बदल्यात मागितलेल्या पैशासाठी वापरला जातो. शब्द तोच राहिला. वसूल करणाऱ्याच्या मागची सत्ता गेली आणि त्याचा अर्थ गुन्हा झाला.

आता एक क्रियापद जरा जवळून पाहू. ‘उचलणे’ हे रोजच्या वापरातले साधे क्रियापद. दरबारात विडा उचलणे म्हणजे जोखमीचे काम अंगावर घेणे. ऊसतोडीच्या हंगामाआधी मजूर मुकादमाकडून घेतो ती आगाऊ रक्कम म्हणजे ‘उचल’. नवरा-बायकोची जोडी मिळून तिथे एक ‘कोयता’ धरतात आणि उचल कोयत्यावर मोजतात. ती फिटली नाही, मजूर फडावर आला नाही किंवा मधेच निघून गेला, की वाद पेटतो आणि मग माणसेच डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात. दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर खपवणे ही ‘उचलेगिरी’. पोलिसांनी रात्री घरातून नेले तरी ‘उचलला’, आणि टोळीने रस्त्यातून नेले तरी ‘उचलला’. या शेवटच्या दोन वापरांकडे वाचकांनी नीट पाहावे. कायद्याच्या रक्षकाचे नेणे आणि गुंडाचे नेणे वस्तीतल्या माणसाला ज्या काळी एकसारखेच भासले, त्या काळाची साक्ष हे क्रियापद देते. कोणत्याही अहवालात ती इतक्या थोडक्यात मिळणार नाही.

‘पळणे’ आणि ‘पळवणे’ या जोडीत तर व्याकरणच साक्षीला येते. मुलगी ‘पळून गेली’ म्हटले की कर्ती ती. ‘पळवून नेली’ म्हटले की कर्ता दुसरा आणि ती कर्म. आईवडिलांच्या फिर्यादीत प्रयोजक क्रियापद येते, मुलीच्या जबाबात अनेकदा साधे क्रियापद येते, आणि खटला या दोन रूपांच्या मधल्या जागेत उभा राहतो. मुलगी अज्ञान असेल तर तिच्या क्रियापदाला कायदा मान्यता देत नाही, सज्ञान असेल तर देतो. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला आणि या जोडीला तिसरा शब्द मिळाला. घरातून निघून गेलेल्या जोडप्याला बातमीदार ‘सैराट जोडपे’ म्हणू लागले. मोकाट, बेभान असा अर्थ असलेले जुने विशेषण एका चित्रपटामुळे प्रेमाचे, पळून जाण्याचे आणि त्यानंतरच्या धोक्याचेही नाव झाले.

या विषयात मुंबईचा वाटा मोठा आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहरातल्या टोळ्यांनी व्यवहारासाठी स्वतःची शब्दावली बनवली. लाखाला ‘पेटी’, कोटीला ‘खोका’, पिस्तुलाला ‘घोडा’, ठार मारण्याला ‘गेम’ आणि पैसे घेऊन मारण्याला ‘सुपारी’. यातली सुपारी विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण ती घराघरातल्या रिवाजातून उचललेली आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते. जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला गेलेले गावकरी नारायणगावात आजही फडमालकाला सुपारीच देतात. काम ठरले, बोली झाली, आता माघार नाही, एवढाच तिचा मूळ अर्थ. टोळ्यांनी या अर्थातला पक्केपणा तेवढा घेतला आणि काम बदलले. ‘सत्या’ (१९९८) आणि ‘वास्तव’ (१९९९) या चित्रपटांनी ही बोली गल्लीतून थिएटरात आणली आणि तिथून ती घरोघरी गेली. आता कोणी एखाद्याच्या बाजूने अटीतटीने लेख लिहिला तरी ‘सुपारी घेतली आहे’ असे म्हटले जाते.

राजकारणाने याच साठ्यात हात घातला तेव्हा नवी रूपे निघाली. गावपातळीवर ‘सहल’ जुनी आहे. सभापतिपदाची निवड किंवा अविश्वास ठराव जवळ आला की आपल्या बाजूचे सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना एकत्र गाडीत बसवून दूर नेतात, फोन काढून घेतात आणि मतदानाच्या सकाळी थेट सभागृहात उतरवतात. बातमीत ते ‘सहलीवर’ किंवा ‘अज्ञातस्थळी’ असतात. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले तेव्हा ‘नॉट रीचेबल’ हा शब्द मथळ्यांत झळकला. बंडखोर आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, आणि परत आलेल्या एका आमदाराने आपल्याला जबरदस्तीने नेल्याचेही सांगितले. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. फुटण्यासाठी पन्नास कोटी घेतल्याच्या त्या आरोपाचा खरेखोटेपणा हा या अभ्यासाचा विषय नाही. आपल्याला दिसते ते असे, की टोळीच्या वसुलीतले मोजमाप विधानसभेच्या दारात आले आणि राज्यातल्या शाळकरी मुलांनाही त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

कायदा आणि रस्ता यांच्यामधली देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. भारतीय दंड संहितेतले फसवणुकीचे कलम ४२० लोकांनी उचलले आणि ‘चारशे वीस’ हे विशेषण केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचे कलम ३१८ झाले. पण फसवणारा अजून चारशे वीसच आहे आणि बहुधा तसाच राहील. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचे ‘मोक्का’ झाले. ‘तडीपार’ ही प्रशासकीय कारवाई घरातल्या भांडणातही ऐकू येते.

उलट दिशेचा सर्वांत ठळक दाखला मात्र इंग्रजीतला आहे. ज्याला आपण आज सर्रास ‘किडनॅप’ म्हणतो तो शब्दच मुळात सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चोरट्यांच्या बोलीतला. ‘किड’ म्हणजे पोर आणि ‘नॅप’ म्हणजे झडप घालून धरणे. अमेरिकेतल्या वसाहतींच्या मळ्यांवर राबवण्यासाठी पोरे आणि गरीब माणसे पळवून जहाजावर चढवणाऱ्यांचा तो धंद्याचा शब्द. पुढे तोच शब्द कायद्याच्या पुस्तकात गेला आणि भारतीय दंड संहितेच्या इंग्रजी मसुद्यात येऊन बसला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खलाशांना दारू पाजून जहाजावर टाकण्याला शहराच्या नावावरून ‘शांघाय करणे’ म्हणत. चोरबोलीतला शब्द न्यायालयाच्या निकालपत्रात पोचायला दोनएक शतके पुरतात, हे ज्याला कळले तो नाक्यावरच्या शब्दाला हलका म्हणायला सहसा धजावणार नाही.

आजचा सर्वांत नवा शब्द ‘डिजिटल अरेस्ट’. हे माणसाला घराबाहेर न काढता केलेले अपहरण आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे, असे तो सांगतो. कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही, घरच्यांशी बोलायचे नाही, अशी ताकीद देतो. मग ‘पडताळणी’च्या नावाखाली आयुष्यभराची शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवून घेतो. निवृत्त, एकटी राहणारी माणसे स्वतःच्याच दिवाणखान्यात तासन् तास, कधी काही दिवस, ओलीस राहिली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले की कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही. म्हणजे या गुन्ह्यात दोरी नाही, गाडी नाही, हत्यार नाही. सगळी ताकद त्या दोन शब्दांत आहे. शब्दाची फोड करता आली तर माणूस सुटतो. म्हणून हा अभ्यास हौसेपलीकडचा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. आणि असा फोन आलाच, तर तो ठेवून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

या दालनात पाऊल टाकताना आपण एकटे नाही, हेही सांगायला हवे. मराठीला गुप्त बोलीची परंपरा फार जुनी आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सांकेतिक लिपी वापरल्या. व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ होती. तिच्यात तीनला ‘उधानू’, पाचला ‘मुळू’ म्हणत, म्हणजे गिऱ्हाइकासमोर उभे राहूनही भाव ठरवता येई. विसोबा खेचरांसारख्या संतकवीने या बाजारी आकड्यांतून देवाचे वर्णन केले, यावरून ती भाषा किती रुळलेली होती ते कळते. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘च’ची भाषा बोललेली असेल. ‘तू कुठे जातोस’ याचे ‘चतू चठेकु चतोसजा’ करताना मोठ्या माणसांना बाहेर ठेवल्याचा जो आनंद व्हायचा, तोच प्रत्येक टोळीच्या, धंद्याच्या आणि कट्ट्याच्या बोलीच्या मुळाशी असतो.

नोंद करणाऱ्यांची परंपराही समृद्ध आहे. ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी ठगांच्या ‘रामासी’ बोलीचा शब्दसंग्रह १८३६ साली कलकत्त्यात छापला. प्रवाशावर फास टाकण्याचा इशारा तंबाखू आणण्याच्या साध्या हुकुमातून दिला जाई, अशी नोंद त्या काळच्या जबान्यांत आहे. गरीब वाटसरूंना मारून त्यांची मुले विकणाऱ्या टोळ्यांवर त्यांनी १८३९ साली स्वतंत्र अहवाल लिहिला. ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा अकरावा खंड (१९२२) भटक्या समूहांच्या बोलींना दिलेला आहे. मराठीत मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) यांनी बोलीतल्या शब्दांना दार बंद केले नाही. अ. द. मराठे यांनी असभ्य म्हणी आणि वाक्प्रचार गोळा केले. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने महाराष्ट्रातल्या विमुक्तांच्या बोलींची दखल घेतली.

साहित्याने तर कोशकारांच्या पुढे धाव घेतली. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने १९६५ साली नाक्यावरची पोरे त्यांच्याच बोलीत बोलती केली आणि त्यावर मोठे वादळ उठले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. कवितांमधल्या त्या वस्तीत तेंडुलकर कवीबरोबर फिरले आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले. मराठीतला एक मोठा नाटककार वही घेऊन शिकाऊ होतो, हा या विषयातला माझ्या मते सर्वांत चांगला धडा आहे. नवख्या वाचकाने सुरुवात करायचीच असेल तर त्या प्रस्तावनेपासून करावी.

पुस्तकांइतकीच महत्त्वाची असते जागा. मी हे नेरूळमधून लिहितो आहे, आणि शब्दांच्या अभ्यासकाला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात फारशी सापडणार नाही असे मला वाटते. १९७० साली सिडको आली आणि शेत, मिठागर, खाडी यांवर जगणाऱ्या गावांच्या भोवती सेक्टर उभे राहिले. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे ही गावे अजून जागेवर आहेत. त्यांची आगरी-कोळी बोली एका गल्लीत, पलीकडच्या सोसायटीत घाटावरची मराठी, त्यापलीकडे तमिळ, मल्याळम, पंजाबी घरे. स्टेशनवर हार्बर, ठाणे आणि उरण अशा तीन दिशांची माणसे गाडी बदलतात. कॉलेजांत राज्यभरातून आलेली मुले कोल्हापूरचा ‘नाद खुळा’, मुंबईची ‘कल्टी’ आणि मोबाइलवरचे ‘विषय हार्ड’ एकाच वाक्यात बोलतात. जवळच्या वाशीच्या बाजार समितीत हापूसचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत आला. नंदभाषेचीच ही हाताने बोललेली बहीण.

या गावांचा स्वतःचा एक शब्द तर इथल्या इतिहासाचा दस्तऐवज आहे : ‘साडेबारा टक्के’. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज इथे ‘त्यांचे साडेबारा टक्के आहे’ असे कोणी म्हणाले की त्या घराचे गाव, गमावलेली शेती आणि आताची इमारत हे सारे एका आकड्यात कळते. बाहेरच्या माणसाला तो आकडा गणिताचा वाटेल. अर्थ शब्दात जेवढा असतो तेवढाच तो जागेत असतो, हे नेरूळ असे शिकवते.

मग नवख्या वाचकाने या शब्दांकडे कसे जावे? पहिली गोष्ट, शब्द एकटा टिपू नये. कोण बोलले, कोणाशी बोलले, कुठे आणि कोणत्या साली, एवढे तरी सोबत लिहावे. ‘खोका’ १९९५ साली डोंगरीत, २०२२ साली विधानभवनात आणि आज भाजीवाल्याच्या तोंडी, ही तीन वेगळी टिपणे आहेत. दुसरी गोष्ट, शब्द वापरणाऱ्यालाच अर्थ विचारावा आणि उदाहरण त्याच्याच तोंडून घ्यावे. व्युत्पत्तीची घाई करू नये. चटपटीत कथा सांगणारी व्युत्पत्ती बहुतेकदा मागाहून रचलेली असते. तिसरी गोष्ट, शब्द काय झाकतो हे पाहावे. ‘गेम’, एखाद्याचा काटा काढण्यासाठी वापरला जाणारा ‘कार्यक्रम’ आणि ‘सहल’ हे तीनही शब्द खेळाचे आणि सणाचे आहेत. ज्या कृतीला समाज इतका आनंदी पोशाख चढवतो, तिच्याबद्दल त्याला किती अवघडल्यासारखे वाटते, ते त्या पोशाखावरून मोजता येते.

चौथी गोष्ट मी आग्रहाने सांगतो. बोलीवरून समूहाला गुन्हेगार ठरवू नये. ते पाप या विषयाने पूर्वी केले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना चोर ठरवले आणि त्यांच्या घरगुती बोली ‘चोरभाषा’ म्हणून नोंदल्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, डाग राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली ‘उचल्या’ हेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले आणि शिवीचे रूपांतर साक्षीत केले. त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे पुस्तक वाचल्यावर ‘उचलणे’ या क्रियापदाकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे शक्य होत नाही.

डागाची किंमत अलीकडेही मोजावी लागली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे. त्यांच्याआधी गावात मोबाइलवरून तीन शब्द पोचले होते : ‘मुले पळवणारी टोळी’. कोणाचेही मूल पळवले गेलेले नव्हते. अपहरणाच्या नुसत्या शब्दाने केलेली ही हत्या आहे. या दालनात येणाऱ्या प्रत्येकाने राईनपाडा हे नाव लक्षात ठेवावे, कारण शब्द गोळा करणारा माणूस शब्द पसरवतही असतो.

आणि पळवला गेलेला माणूस नजरेआड होऊ देऊ नये. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. खंडणीच्या वादाची पार्श्वभूमी असलेल्या या प्रकरणाने राज्य हादरले. पुढच्या महिन्यांत आमदार सुरेश धस यांच्या भाषणांतून ‘आका’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. टोळीमागच्या सूत्रधाराला नाव न घेता दाखवण्याची सोय त्यात होती. तो शब्द आता विनोदात आणि रीलमध्येही ऐकू येतो. अभ्यासकाने त्याची नोंद जरूर करावी, पण त्या नोंदीत सरपंचांचे नाव, गाव आणि तारीख असावी. शब्द हसण्यावारी गेला तरी नोंदीने त्याच्या मागचा माणूस सोडू नये, ही या विद्येची नीती आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ताम्रपट, शिलालेख, संतवाङ्मय यांच्या आधारे मिळालेला हा मान आपल्या सर्वांचा आहे आणि त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. त्या अभिमानात नाक्यावरच्या मराठीलाही जागा असावी, असे मला वाटते. ज्या भाषेत विसोबा खेचर बाजारातले आकडे घेऊन देवापर्यंत गेले, जिच्यात लग्नाची सुपारी खुनापर्यंत आली आणि ऊसतोड मजुराचे हत्यार कुटुंब मोजण्याचे एकक झाले, ती भाषा जुनी असून ताजी आहे, हे सिद्ध करायला आणखी पुरावा नको.

वाचकांनी एवढेच करावे. येत्या आठवड्याचे स्थानिक वर्तमानपत्र घ्यावे आणि माणूस नेल्याच्या बातम्या काढाव्यात. प्रत्येक बातमीत क्रियापद कोणते आहे, कर्ता लिहिला आहे की गाळला आहे, हे पाहावे. तीच घटना रिक्षावाला, शेजारीण आणि कॉलेजातला मुलगा कशी सांगतात ते ऐकावे आणि चारही रूपे शेजारी शेजारी मांडावीत. त्या चार ओळी जमल्या की तुम्ही या विषयाचे अभ्यासक झालात. पुढचे काम मोठे आहे, माणसे थोडी आहेत आणि शब्द रोज नवे येत आहेत. तुमच्या वस्तीतले शब्द तुमच्याइतके चांगले कोणालाच टिपता येणार नाहीत. ते टिपायला तुम्ही यावे.

नेरूळ, नवी मुंबई